बातमी कोण ठरवते? प्रसारमाध्यमे, जनमत आणि आपण

लोकशाहीत जनमताला मोठे महत्त्व आहे. मतदान करताना, एखाद्या आंदोलनाला पाठिंबा देताना किंवा एखाद्या कायद्याला विरोध करताना आपण आपले मत वापरतो. परंतु हे मत ज्या माहितीवर उभे असते, ती बहुतेक वेळा आपण स्वतः पाहिलेली नसते. ती वर्तमानपत्रातून, टीव्हीवरून आणि आता मोबाइलवरून आपल्यापर्यंत येते. म्हणून माध्यमे खरे सांगतात की खोटे, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. काय सांगायचे आणि काय वगळायचे हे कोण ठरवते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. बहुजन समाजाच्या दृष्टीने तर तो न्यायाचा प्रश्न आहे.

जनमत कसे घडते?

अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात एक महत्त्वाचा विचार मांडला. माणूस प्रत्यक्ष जगापेक्षा आपल्या मनातल्या जगाच्या चित्रानुसार वागतो आणि हे चित्र रंगवण्यात वृत्तपत्रांचा मोठा वाटा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल येथील मतदारांचा अभ्यास केला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली, तेच प्रश्न मतदारांना महत्त्वाचे वाटत होते, असे त्यातून दिसले. याला 'अजेंडा सेटिंग' म्हणतात.

दुसरी प्रक्रिया 'फ्रेमिंग'ची, म्हणजे घटनेला चौकट घालण्याची. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्याची बातमी पुस्तकांच्या स्टॉलसमोर लागलेल्या रांगांची होऊ शकते, तशीच दादरमधील गर्दीची आणि वाहतुकीतील बदलांचीही होऊ शकते. दोन्ही बातम्यांत एकही वाक्य खोटे नसेल, पण वाचकाच्या मनात समाजाची दोन वेगळी चित्रे तयार होतील.

तिसरी प्रक्रिया मौनाची. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉइमान यांनी १९७४ मध्ये ती मांडली. आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखी दुबळे दिसते आणि इतरही गप्प होतात.

खैरलांजी : बातमी न होण्याचे उदाहरण

या तिन्ही प्रक्रिया महाराष्ट्राने एकाच प्रकरणात पाहिल्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी गावात भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची जमावाने हत्या केली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. एवढा मोठा समाज जवळच एकत्र आलेला असूनही या हत्याकांडाची नीट माहिती बहुतेकांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या. काही बातम्यांत तर 'अनैतिक संबंध' हे कारण पुढे करण्यात आले. जमिनीचा वाद, जातीचा द्वेष आणि एका दलित कुटुंबाचा स्वाभिमान हे सारे त्या एका शब्दप्रयोगाखाली झाकले गेले. सत्यशोधन समित्यांनी गावात जाऊन अहवाल तयार केले. कार्यकर्त्यांनी ते लोकांपर्यंत नेले. नोव्हेंबरमध्ये विदर्भासह राज्यभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांनी दखल घेतली. तेव्हाही चर्चा बराच काळ आंदोलनाच्या हिंसक वळणाभोवतीच फिरत राहिली आणि आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय सरकारकडून व्यक्त झाला.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे टिकली नाहीत. न्यायालयाचा निकाल पुराव्यावर लागतो, बातमीवर नाही, हे मान्य. परंतु पहिल्या काही दिवसांत पंचनामा, जबाब आणि वैद्यकीय तपासणी होत असते. नेमक्या त्याच काळात माध्यमांची नजर नसली, तर तपास यंत्रणेवर जबाबदारीचा दबाव राहत नाही. बातमी उशिरा येण्याची किंमत अशी मोजावी लागते.

संपादकाच्या खुर्चीत कोण?

हे कोणा एका पत्रकाराच्या दुष्टपणामुळे घडते असे नाही. वृत्तसंस्थेत निर्णय घेणारी माणसे कोणत्या समाजातून येतात, त्यांची ओळख कोणाशी असते, त्यांना फोन कोण करू शकतो, यावर बातमीची निवड ठरते. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी माध्यमसंस्थांतील ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी झाली. त्यात अनुसूचित जाती किंवा जमातीची एकही व्यक्ती आढळली नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे सवर्णांकडे असल्याचे दिसले. अनुसूचित जाती-जमातींचा आकडा तेव्हाही शून्यच होता.

बाबासाहेबांनी शोधलेले उत्तर

हा प्रश्न जुना आहे आणि त्यावरचे उत्तरही आपल्याच परंपरेत आहे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केले. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या आर्थिक मदतीने बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांवर बोट ठेवले. ही पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, हा त्यांचा आक्षेप होता.

महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिलला निघाला. म्हणजे चवदार तळ्याची हकीकत विरोधकांच्या शब्दांत इतिहासात जाऊ नये, यासाठी दोन आठवड्यांत स्वतःचे पत्र उभे राहिले. पुढे १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पैशाअभावी पत्रे बंद पडली, तरी बाबासाहेब पुन्हा नवे पत्र काढत राहिले. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी भारतीय पत्रकारिता व्यवसायनिष्ठा सोडून व्यापार बनल्याची कठोर टीका केली. आजच्या टीआरपीच्या काळातही ती टीका जुनी वाटत नाही.

तरुणांनी काय करावे?

आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, म्हणजे प्रत्येकाकडे छापखानाच आहे. पण त्यामुळे जबाबदारीही वाढली आहे. अत्याचाराचा जुना फोटो नवीन म्हणून फिरवला आणि तो खोटा ठरला, की पुढची खरी बातमीही संशयाने पाहिली जाते. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, हा तथागतांचा कालामांना दिलेला उपदेश फॉरवर्ड करण्यापूर्वी आठवावा.

वस्तीतील अभ्यासवर्गात एक सोपा उपक्रम करता येतो. एकाच घटनेच्या तीन वर्तमानपत्रांतील बातम्या समोर ठेवाव्यात आणि काही प्रश्न विचारावेत. मथळ्यात कर्ता कोण आहे? पीडितांचे म्हणणे आहे की फक्त पोलिसांचे? जातीचा उल्लेख कुठे आहे आणि कुठे टाळला आहे? कोणती माहिती वगळली आहे?

चुकीची किंवा बदनामीकारक बातमी आली तर गटांत संताप व्यक्त करून थांबू नये. वृत्तपत्राबाबत आधी संपादकाला लेखी कळवावे. त्याने दाद दिली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक व साप्ताहिकासाठी ही मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची असते. परिषद दंड करू शकत नाही, पण ताशेरे ओढू शकते आणि ते नोंदीत राहतात. घटना घडल्यास तारीख, वेळ, ठिकाण, एफआयआरचा क्रमांक आणि मूळ व्हिडिओ जपून ठेवावा. पीडितांची, विशेषतः स्त्रिया आणि मुलांची ओळख उघड करू नये.

याशिवाय आपल्यातील हुशार मुला-मुलींनी पत्रकारितेत यावे, यासाठी समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. स्पर्धा परीक्षेसाठी आपण जशी अभ्यासिका चालवतो, तशी लेखन आणि वार्तांकनाची शिबिरेही भरवावीत. आपली नियतकालिके आणि संकेतस्थळे वर्गणी भरून जगवावीत. फुकट मिळालेली बातमी शेवटी जाहिरातदाराच्या मर्जीने चालते. मुक्यांचा नायक व्हायला शंभर वर्षांपूर्वी एका पाक्षिकाने सुरुवात केली होती. ते काम आज आपल्याकडे आले आहे.