पोलाद, जकात आणि वीज

"काहीही लिहा, पण सरकारी टिपण नको," अशी तंबी देऊनच संपादकांनी या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला. ज्याची हयात टिपणे लिहिण्यात आणि वरिष्ठांचे शेरे वाचण्यात गेली, त्याला ही अट सोपी नव्हे. तथापि विषय आमच्या मनात बरीच वर्षे होता, आणि तो आम्हांला याच मंडळाच्या सभागृहात सापडला होता.

३१ जुलै २०१२, श्रावणातला मंगळवार. सभागृहात मंगळागौरीच्या खेळांची तयारी चालली होती. आदल्या दिवशी, सोमवारी पहाटे अडीचच्या सुमारास, उत्तर भारताचे वीजजाळे एकदा कोसळून कसेबसे सावरले होते. मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी एकदम कोसळली. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, बंगालमध्ये कोळशाच्या खाणींत मजूर अडकून पडले. आमच्या सभागृहात मात्र संध्याकाळी समया लागल्या आणि त्या उजेडात फुगड्या रंगल्या. तेवढ्यात एका वयोवृद्ध काकूंनी आम्हांला गाठले. "अहो, तुम्ही सरकारातले ना? मग सांगा पाहू, आपल्या देशात कोळसा आहे, लोखंड आहे, मग दिवाच का नाही?"

तात्कालिक कारण पुढे सर्वांना कळले. काही राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली, बिना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि तिचा भार इतरांना पेलवला नाही. पोलादाचा त्यात थेट दोष नव्हता. परंतु काकूंच्या प्रश्नातले लोखंड काही आमच्या डोक्यातून गेले नाही. वीजजाळे म्हणजे तरी काय? पोलादाचे मनोरे, तारांच्या पोटातला पोलादी गाभा, आणि रोहित्रांच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, पोटातले एक फार नाजूक जातीचे पोलाद. हे पोलाद आपण कधी, कसे आणि कोणाच्या खर्चाने करावयास शिकलो, याचा माग काढताना आम्ही थेट नागपूरला जाऊन पोहोचलो.

जमशेटजी टाटांनी एका जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहाराच्या खनिजासंबंधीचा अहवाल वाचला तो १८८२ साली. खनिज उत्तम होते, परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि ती कल्पना वीस वर्षे बासनात राहिली. याच काळात, १८९२ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी हिंदुस्थानातील लोखंडाच्या धंद्यातील आरंभीच्या प्रयत्नांवर निबंध लिहिला. ज्यांना रानडे केवळ समाजसुधारक म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी त्यांचे अर्थशास्त्रावरील निबंध अवश्य मिळवून वाचावेत, असे आम्ही या निमित्ताने सुचवितो.

पुढे शोध पुन्हा सुरू झाला. चांद्याच्या रानात हिंडून निराश झालेले दोराबजी टाटा, आपण नाद सोडला हे मध्य प्रांताच्या अधिकाऱ्यांना कळविण्यासाठी नागपुरास आले. ज्यांची भेट घ्यावयाची ते जागेवर नव्हते. वेळ काढावा म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे त्यांना प्रमथनाथ बोस यांनी तयार केलेला भूगर्भाचा नकाशा दिसला. त्यात दुर्गच्या बाजूला लोहखनिजाच्या खुणा दाट दिसत होत्या. दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड तिकडे गेले, आणि दल्ली-राजहराच्या टेकड्या म्हणजे लोखंडाचेच डोंगर आहेत असे त्यांना आढळले. एक अधिकारी जागेवर नसल्याने देशाचे एवढे हित झाल्याचे उदाहरण आमच्या नोकरीच्या काळात तरी आम्हांला दुसरे आढळले नाही.

तेथेही जवळ पुरेसे पाणी आणि योग्य कोळसा नव्हता. १९०४ साली बोस यांनीच पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील खनिज दाखविले, आणि त्यातून सुवर्णरेखा व खरकाई नद्यांच्या संगमावर साकची येथे कारखाना उभा राहिला. तो पाहावयास जमशेटजी उरले नाहीत, ते १९०४ च्या मे महिन्यात निवर्तले. कंपनी १९०७ साली स्थापन झाली. लंडनच्या सावकारांनी पाठ फिरविल्यावर मुंबईत भांडवल मागितले गेले, आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत सुमारे आठ हजार हिंदी भागधारकांनी तीन आठवड्यांत ते उभे केले. पहिले पोलाद १९१२ साली निघाले. पहिल्या महायुद्धात या कारखान्याच्या रुळांवरून मेसोपोटेमियात फौजा गेल्या. त्याची पावती म्हणून १९१९ च्या जानेवारीत व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीचे जमशेदपूर असे नामकरण केले.

नाव मिळाले, पण बाजार मिळाला नाही. युद्ध संपताच भाव कोसळले. बेल्जियम आणि युरोपातील इतर देशांचे पोलाद जमशेदपूरच्या उत्पादनखर्चाहून स्वस्तात बंदरांवर उतरू लागले, आणि नेमका त्याच वेळी कारखान्याचा विस्तार कर्ज काढून चालू होता. १९२४ साली अशी वेळ आली की, कामगारांचे पगार कसे भागवावेत हा प्रश्न पडला. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाईंच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवली. त्या दागिन्यांत कोहिनूरहून मोठा असा जुबिली हिराही होता.

परंतु दागिने गहाण ठेवून एक वर्ष निघते, धंदा निघत नाही. तेव्हा प्रश्न सरकारदरबारी गेला, आणि येथे या कथेत आपला एक माणूस येतो. मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनने १९२२ साली असे सुचविले होते की, सरसकट सर्व धंद्यांना नव्हे, तर पारखून निवडलेल्या धंद्यांना संरक्षण द्यावे. ज्याला कच्चा माल, मजूर आणि घरचा बाजार यांची अनुकूलता आहे, जो आधारावाचून वाढणार नाही आणि जो अखेरीस आपल्या पायांवर उभा राहू शकेल, अशालाच जकातीचे कुंपण घालावे. ही पारख करण्यासाठी १९२३ साली टॅरिफ बोर्ड नेमले गेले. अध्यक्ष जॉर्ज रेनी, आणि दोन सभासद: पदमजी गिनवाला व प्राध्यापक वामन गोविंद काळे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारे, आणि पुढे १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्रच्या स्थापनेत अग्रभागी असलेले ते हेच काळे. परमुलखात त्या बँकेच्या शाखेची पाटी पाहून ज्यांना घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

बोर्डापुढे पहिलाच धंदा आला तो पोलादाचा. तोवर बहुतेक पोलादावर शेकडा दहा अशी महसुली जकात होती. बोर्डाच्या शिफारशीवरून १९२४ च्या जूनमध्ये जो कायदा झाला, त्याने टनामागे ठरावीक रुपये लावले. इमारतीच्या तुळयांना ३०, साध्या सळ्यांना ४० आणि जस्ताच्या पत्र्यांना ४५. रुळांसाठी जकातीऐवजी उत्पादनावर अनुदान होते. ते पहिल्या वर्षी टनास ३२ रुपये, मग २६, मग २०, असे उतरते ठेवले होते. हे उतरते आकडे आम्हांला त्या कायद्यातील सर्वांत शहाणे कलम वाटतात. मूल चालू लागले की पांगुळगाडा काढून घ्यावयाचा असतो, हे त्यात आकड्यांनी लिहून ठेवले होते.

भुर्दंड कोणी सोसला? ज्याने पत्रा विकत घेतला, त्याने. कोकणात पडवीवर पत्रे घालणाऱ्याने आणि देशावर नांगराचा फाळ घेणाऱ्याने जमशेदपूरच्या भट्ट्या पेटत्या ठेवण्यास दोन पैसे जास्त मोजले, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. गोखल्यांनी १९११ सालीच, साखरेवरील जकातीच्या चर्चेत, योग्य आणि अयोग्य संरक्षण असा भेद करून बजावले होते की, बलिष्ठ हितसंबंध एकत्र येऊन सर्वसामान्यांच्या जिवावर आपली तुंबडी भरतात ते संरक्षण अयोग्य. केंद्रीय विधिमंडळात कामगारांच्या वतीने बसणारे नारायण मल्हार जोशीही होते. कारखान्याला संरक्षण आहे, मग त्यात राबणाऱ्याला कोणते, हा प्रश्न त्या काळात जमशेदपूरच्या संपांनीच विचारला होता.

कायदा झाला आणि थोड्याच महिन्यांत तो अपुरा ठरला. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सांवरून १ शिलिंग ६ पेन्सांकडे सरकला, आणि युरोपातले भावही घसरले. म्हणजे बंदरावर जे कुंपण घातले, ते हुंडणावळीने आतून पोखरले. मग तिजोरीतून आणखी अनुदाने द्यावी लागली. १९२७ साली संरक्षण सात वर्षांनी वाढविले गेले, परंतु त्यात ब्रिटिश मालाला कमी जकात आणि इतर देशांच्या मालाला जास्त, अशी मेख मारलेली होती. स्वदेशीसाठी मागितलेली भाकरी साम्राज्याशी वाटून खावी लागली, म्हणून राष्ट्रीय पक्षांनी कडाडून विरोध केला. तो वाया गेला. तरीही कारखाना जगला, त्याचा खर्च खाली आला, आणि १९४७ साली पोलादाचे संरक्षण काढून घेण्यात आले. तेवीस वर्षांचा पांगुळगाडा झाला. पुष्कळ धंद्यांना तो जन्मभर पुरतो, ते पाहता ही मुदत अल्पच म्हणावी लागेल.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती बहुतेकांनी स्वतः पाहिली आहेत. दुर्गच्या ज्या टेकड्या टाटांनी सोडून दिल्या, त्यांच्याच खनिजावर १९५९ साली भिलाईची भट्टी पेटली. पोलादाचे भाव सरकार ठरवू लागले. १९५६ पासून पोलादाचे रेल्वेभाडे देशभर समान करण्यात आले. त्यामुळे मुंबईच्या कारखानदाराला जमशेदपूरचे पोलाद जमशेदपूरच्याच भावाने मिळे. याचा लाभ आपल्या महाराष्ट्राला झाला, आणि बिहार-ओरिसाच्या खाणींजवळच्या माणसाला जवळ असण्याचा फायदा मिळेनासा झाला. पूर्वेकडील मित्रांनी हे आम्हांला अनेकदा ऐकविले आहे, आणि आम्हांला त्यावर उत्तर सुचलेले नाही. ती योजना आणि भावबंदी १९९२ साली उठली.

आता विजेकडे वळू. टाटांनीच १९१५ साली खोपोलीला घाटमाथ्याचे पाणी पाडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढे मुळशीच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. स्वदेशी वीजही कोणाच्या तरी शेतावरून येते, हे तेव्हापासूनचे आहे. ती वीज दूर न्यावयाची तर दाब चढवावा लागतो आणि घराजवळ उतरवावा लागतो. हे काम रोहित्राचे. त्याचा गाभा साध्या पोलादाचा चालत नाही. शेकडा तीनच्या आसपास सिलिकॉन घातलेल्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ अशा पत्र्यांची चवड लागते, आणि त्या पत्र्यातील धातूचे कण लाटण्याच्या दिशेने एका ओळीत बसलेले असावे लागतात. नॉर्मन गॉस या अमेरिकन धातुतज्ज्ञाने १९३४ च्या सुमारास हे तंत्र साधले. गाभा हलका असेल तर रोहित्र दिवसाचे चोवीस तास वीज खात बसते, घरात दिवा लागो न लागो.

हे पोलाद करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत, आणि आपण आपली बहुतेक गरज आयातीवरच भागवीत आलो. अमेरिकेचीही गंमत पाहा. तेथे २०१६ नंतर पेनसिल्व्हेनियातील बटलरचा एकच कारखाना हे पोलाद करणारा उरला. २०१८ साली राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने आयात पोलादावर शेकडा पंचवीस जकात बसविली, परंतु त्याच पोलादाचे कापून रचलेले गाभे जकातीबाहेर राहिले. मग गाभे कॅनडा-मेक्सिकोतून येऊ लागले, आणि २०२० साली त्यांचीही चौकशी लावावी लागली. कुंपणाला एक फट राहिली तर सारी गुरे तेथूनच शिरतात, हे काळे-गिनवालांना सांगावे लागले नसते. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये काही चपट्या पोलादावर २०० दिवसांसाठी शेकडा बारा तात्पुरती संरक्षक जकात बसली, तेव्हा विद्युत पोलाद त्यातून वगळले होते. जो माल घरी पुरेसा होत नाही, त्यावर जकात बसविली तर ती शेवटी विजेच्या बिलातच उतरावयाची. याच जातीचे पोलाद काढणारा नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीजवळचा कारखाना जर्मन कंपनीकडून २०२५ च्या आरंभी एका भारतीय-जपानी भागीदारीने घेतला, ही बातमी वाचून आम्हांला चांद्याचा लोहारा आठवला.

२०१२ च्या काळोखानंतर वर्ष-दीड वर्षात, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी जोडले गेले, आणि सारा देश एका ठेक्यावर, सेकंदाला पन्नास आवर्तनांवर, चालू लागला. काकूंना ही बातमी आम्ही आवर्जून सांगितली. त्या मूळच्या सोलापूरच्या. "बघा, शेवटी आमच्याच गावातून जुळले," एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या सभागृहाबाहेरचे रोहित्र, ज्याला आपण सारे डीपी म्हणतो, मध्यंतरी दोनदा जळाले. दुसऱ्या खेपेस लाइनमनने उघडलेल्या गाभ्याचे पत्रे आम्हांला दाखविले. परदेशात मोडीत निघालेल्या रोहित्रांतून काढून पुन्हा कापलेले ते पत्रे होते, कडांवर जुने ओरखडे स्पष्ट दिसत होते. ज्याने ते बसविले त्याचे नाव येथे लिहिण्यात अर्थ नाही. नंतर प्रमाणचिन्ह असलेले नवे रोहित्र आले, ते आजतागायत टिकून आहे. त्याचा गाभा सेकंदाला शंभर वेळा थरथरतो, म्हणून ते अखंड गुणगुणत असते. आमचे पेटीवाले सांगतात की, तो सूर पांढरी पाचच्या अगदी जवळचा, किंचित चढा आहे, आणि खिडकी उघडी असली की तंबोरा लावताना त्यांना त्याचा त्रास होतो.