वैशाखातली वाकळ

आधी पायातले बूट काढा. मोजेही. हातातला फोन, मनगटावरचं घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, सगळं इथंच राहू द्या. आणखी एक अट आहे. जिथं जायचंय तिथं तुमचं वय दहा वर्षांचं असेल, कारण मोठ्या अनोळखी माणसाला त्या घरात कुणी आत घेणार नाही. सोप्यावर बसवतील, गूळपाणी देतील, कुठल्या गावचे, कुणाकडं आलात ते विचारतील आणि वाटेला लावतील. पोरांना मात्र कुणाच्याही माजघरापर्यंत मोकळी वाट असते. कुणाचं पोर आहे हे जेवायच्या वेळेपर्यंत कुणी विचारत नाही, आणि तेव्हाही वाढून झाल्यावरच विचारतात.

चला. पोळले ना पाय? वैशाखातली दुपार आहे. गाव वाईजवळचं, साल 1944. पायाखाली नुसता फुफाटा. लांब पांडवगड उन्हाच्या धगीत हलतोय असं वाटतंय, पण त्याच्याकडं बघत उभं राहण्याइतकी तुमच्या तळव्यांत ताकद नाही. त्या उघड्या दाराकडं पळा. उंबरा उंच आहे, ठेच लागेल.

आत आलात की आधी तळपायांना कळेल. जमीन गार, सकाळीच सारवलेली, अजून जराशी ओलसर. मग नाकाला: शेणाचा वास, त्यात विझत आलेल्या चुलीचा धूर, त्यात कुणाच्या तरी तोंडातली मशेरी. डोळ्यांना मात्र थोडा वेळ काहीच दिसणार नाही. उन्हातून आलेल्या माणसाला माजघरात रात्रच असते. तोवर ऐका. काचेच्या बांगड्या. जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज. बाहेर सोप्यावर घायपाताचं चऱ्हाट वळत बसलेल्या आबांचं खाकरणं. आणि एक आवाज थेट तुमच्यावरच आलेला:

"ए लेकरा, पाय पूस आधी. वाकळंवर फुफाटा आणशील."

ही आजी. आता दिसायला लागलं असेल. मधोमध जमिनीवर कापड पसरलंय, दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढं, आणि त्याच्या चारी बाजूंनी बायका बसल्यात. आजी, तिच्या दोन सुना, शेजारची एक काकू आणि भिंतीला टेकून आजीची लेक, जी माहेरी का आलीय हे पोरांसमोर कुणी बोलत नाही. पोरांना अर्थातच सगळं ठाऊक आहे. चारी कोपऱ्यांवर एकेक दगड. एका कोपऱ्यावर दगडाऐवजी वरवंटा ठेवलाय, कारण चौथा दगड पोरांनी खेळायला नेलाय.

बाजूला बोचकं आहे. ते सोडायचा मान आजीचा. गाठ सुटली की कडुलिंबाच्या वाळल्या पानांचा कडू वास येतो आणि घरातल्या सगळ्या माणसांच्या चिंध्या एकदम बाहेर पडतात. पानं झटका आणि एकेक तुकडा हातात घेऊन बघा. नव्या कापडाला खळ असते, ते हाताला परकं लागतं. हे कापड शंभरदा नदीवर आपटलेलं, उन्हात वाळलेलं, घामात भिजलेलं, इतकं मऊ झालंय की गालाला लावावंसं वाटेल. लावा. इथं हसणारं कुणी नाही.

सध्या कापडावर कंट्रोल आहे. दुकानात जाऊन मनासारखं लुगडं फाडून घ्यावं, तसं राहिलेलं नाही. मिळतं ते जाडंभरडं, आणि तेही मापात. त्यामुळे या बोचक्याची किंमत वाढलीय. पण खरं सांगायचं तर कंट्रोल नसतानाही या घरात कापड टाकून दिल्याचं कुणाला आठवत नाही. लुगडं मध्ये विरलं की तो भाग कापून काढायचा, दोन्ही धड टोकं जोडून शिवायची आणि दंड घातलेलं लुगडं पुढं वापरायचं. तेही फाटलं की पोरींचे परकर. परकराची झबली. झबल्यांतून उरलं ते वाकळीत. वाकळ झिजली की तिची पोतेरी, पाण्याच्या घागरीखालची चुंबळ, आणि अगदीच काही उरलं नाही तर पीळ देऊन तेलात बुडवलेला काकडा. कापड इथं जळून संपतं, फाटून नाही.

तुमचं काम ठरलंय. आजीला सुईचं नेढं दिसत नाही, धाकटीला दिसतं पण तिला कंटाळा आहे, तेव्हा सुया ओवायच्या तुम्ही. या शिंप्याच्या नाजूक सुया नव्हेत, लांब आणि जाड आहेत, कापडाचे पाच-सहा थर एका दमात भेदणाऱ्या. दोरा रिळाचा नाही. जुन्या धोतराच्या काठाचं सूत उकलून, दोन पदर मांडीवर वळून केलेला आहे. टोक तोंडात धरून ओलं करा. जिभेवर मेणाची चव येईल, कारण दोरा गुंतू नये म्हणून तो मेणावरून ओढलेला असतो. एक डोळा मिटा. चुकलं. पुन्हा. दुसऱ्यांदाही चुकलं तर आजी काही बोलणार नाही; फक्त सुई हातात घेऊन, न बघताच ओवून दाखवेल. मग तिला नेढं दिसत नाही हे मघाशी का सांगितलं? कारण दहा वर्षांच्या पोराला कामाला लावल्याशिवाय ते एका जागी बसत नाही.

सगळ्यात खाली आजीचं इरकली अंथरलंय. पदराचा लाल रंग विटून विटेसारखा झालाय. त्यावर आबांची दोन धोतरं, मग मुंडाशाचे तुकडे, कोपऱ्या, फाटक्या चोळ्यांचे खण. आतल्या थरांत कुणाचं काय गेलं हे आता कुणाला दिसणार नाही, तरी ठेवताना प्रत्येक तुकड्याची ओळख काढली जाते. "ही दादल्याची पैरण, जत्रंत फाटली ती." "हा खण माझ्या चोळीचा, गुळेदगुड्डचा हाय, रंग बघा कसा ऱ्हायलाय." एक चंद्रकळा निघते आणि थोरली सून ती हातात घेऊन जरा थांबते.

"आत्याबाई, ही ऱ्हाऊ द्या की."

"कशाला? मधी चाळण झालीय तिची."

"आईनं दिल्याली."

आजी चंद्रकळा तिच्या हातातून घेते, उजेडाकडं धरते. चाळण आहे खरी. मग तिचा पदराकडचा धड भाग फाडून बाजूला ठेवते, "घे, तुझ्या पोरीला परकर व्हईल," आणि उरलेली थरांवर पसरते. फाडण्याचा तो आवाज ऐकलात? जुनं सूत फाटताना फारसं ओरडत नाही.

आता टाके. कडेपासून आत यायचं. चौघी चार बाजूंनी शिवत निघतात, कोपऱ्यावर वळतात, पुन्हा पुढं, आणि चौकोनात चौकोन पडत मध्याकडं सरकतात. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा हवा असं आजीचं म्हणणं. धाकटीचे टाके पावट्याएवढे आहेत आणि तिला ते माहीत आहे, म्हणून ती मोठ्यानं बोलतेय. बोलणंही टाक्यांच्या चालीनं चाललंय: कुणाची म्हैस आटली, वाईच्या बाजारात गुळाला काय भाव आला, कुणाच्या सुनेनं सासूला काय उत्तर दिलं. शेवटच्या विषयावर आजीचा दोरा जरा जोरात ओढला जातो.

या बायकांच्या अंगाला घाम, खोबरेल तेल आणि धुराचा एकत्र वास येतोय. त्या पहाटे तारे असतानाच उठल्यात. जातं ओढलं, नदीवरून पाणी आणलं, शेण काढलं, भाकऱ्या थापल्या. दुपारी रिकाम्या हातांनी टेकलेली सून या घरात कुणी पाहिलेली नाही आणि पाहिली असती तर खपवून घेतली नसती. पण मांडीवर वाकळ असली की बसायला हरकत नाही. सुई हातात असलेल्या सुनेला सासूसुद्धा "ऊठ" म्हणत नाही. शिवाय सासूलाही बसायचंच असतं. वाकळ उबेसाठी असते म्हणतात, तर मग ती ऐन उन्हाळ्यात, अंगाची काहिली होत असताना का शिवतात? शेतात काम नाही हे एक कारण झालं. दुसरं कारण तुमच्यासमोर पाय पसरून बसलंय आणि हसतंय. मला तेच जास्त पटतं.

भिंतीला टेकलेल्या लेकीकडं वाकळ नाही. तिच्या मांडीवर हातभर कापड आहे, खणाचं, त्याची कुंची होतेय. डोक्यापासून पाठीपर्यंत येणारी, गळ्याशी बंद असलेली. शेजारी दुपट्याची घडी. शिवता शिवता ती चिंच खातेय आणि सगळ्या जणी ते न बघितल्यासारखं करतायत. चिंच फोडायचं काम कालच झालं. चिंचोके टोपलीत वेगळे ठेवलेत, त्यांतले थोडे पोरांना खेळायला आणि बाकीचे सणगराला. तो चिंचोक्याची खळ करून घोंगडीला लावतो. नवी घोंगडी अंगाला टोचते ती नुसत्या लोकरीनं नाही, त्या खळीनंही ताठ झालेली असते. खिसा भरून चिंचोके घ्यायला हरकत नाही, पण तुमच्या पैरणीला खिसा नाही.

भूक लागली? पितळीत भाकरी, खर्डा, ताक. कांदा बुक्कीनं फोडा, विळी मागू नका. खर्ड्यानं कानशिलं तापली तर ताक आहे, आणि डोळ्यांत पाणी आलं तर कुणी विचारणार नाही. खर्डा हाताला लागलाय तोवर डोळे चोळायचे नाहीत, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

परड्यात जाऊन या एकदा. तिथं दोन बाजांवर धोतरं अंथरून कुरडया वाळत घातल्यात आणि कावळे हाकायला दोन पोरं बसवलीत. चिकाचा आंबूस वास परडंभर पसरलाय. राखणदार पोरांनी किती खाल्ल्या हे कुरडयांमधल्या मोकळ्या जागा सांगतात. अर्धी ओली कुरडई दाताला चिकटते. तीच तर मजा. एक घ्या, पण काठावरची नको, मधली घ्या.

खाता खाता वर बघा. मघाचं पांढरं आभाळ गडाच्या बाजूनं काळं झालंय. वारा पडलाय. पानसुद्धा हलत नाही. आणि मग एकदम हलतं, सगळंच. धुळीचा लोट दारातून आत, दारं आपटतात, कोंबड्या ओरडत आडोशाला, आबा चऱ्हाट टाकून वैरण झाकायला. "आगं वळीव! कुरडया! कुरडया काढा आधी!" आजीचा आवाज या वाऱ्यापेक्षा मोठा आहे. पाचही जणी वाकळीवरून उठतात, मांडीवरचं सगळं तिथंच टाकून. लेकीला "तू नगं पळू" म्हणतात आणि ती पळतेच. धोतराची चार टोकं चौघींच्या हातात, मध्ये कुरडया, आणि पहिला थेंब तुमच्या मानेवर, चांगलाच मोठा. गारा आहेत का? आहेत. टाळूवर बसली एक.

माजघरात परत गर्दी, ओले पदर, हसणं, भिजलेल्या मातीचा वास, कौलांवर गारांचा तडतडाट. एका धोतरातल्या कुरडया वाचल्या. दुसऱ्यातल्यांचं काय झालं यावरून दोन राखणदार एकमेकांकडं बोट दाखवतायत. आजी मात्र खाली वाकलीय, वाकळीवर हात फिरवतेय, ओठांत पुटपुटतेय.

"पाच सुया व्हत्या. चारच हायत्या."

सगळं थांबतं. वाकळीत सुई राहिली तर ती कुणाच्या तरी पाठीत निघणार. थर दाबून बघतात, कडा चाचपतात, बोचकं पुन्हा सोडतात, कुंची झटकतात. धाकटी शपथ घेते की तिची सुई तिनं टोचून ठेवली होती, तिथंच, कोपऱ्यावर, वरवंट्याशेजारी. वरवंटा आहे. सुई नाही.

तुम्ही दमलाय, भिजलाय, वरवंट्याशेजारी थोडी जागा मोकळी दिसतेय. टेकता तिथं?

सापडली.