रक्तदाबाच्या आकड्याची कुळकथा

‘बीपी १२० वर ८०’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ते पाऱ्याच्या स्तंभाची मिलिमीटरमधली उंची सांगत असतात. माणसाच्या प्रकृतीला हे माप कुठून आले? शरीरातले रक्तही इतर द्रवांसारखेच दाबाने चढते-उतरते, हे गृहीत धरून कोणीतरी नळी लावली म्हणून. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स हे या कुळाचे मूळ पुरुष. झाडातल्या रसाचा जोरही त्यांनी नळ्या लावूनच मोजला होता. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी घोडीवरचा प्रयोग सांगितला आहे. घोडीला उताणे बांधून मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली, तिला ९ फुटांची काचेची नळी उभी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढले आणि दर ठोक्याला खालीवर होत राहिले.

नाडीवर बोट ठेवणाऱ्या वैद्याला हे आधीच कळत होते, असा आक्षेप कोणी घेईल. नाडीचा वेग आणि जोर बोटाला कळतो, हे खरेच. पण ते ज्ञान त्या बोटापुरते राहते. आजची नाडी महिन्यापूर्वीच्या नाडीशी किंवा एका वैद्याचे निदान दुसऱ्याच्या निदानाशी ताडून पाहता येत नाही. ती सोय आकड्याने झाली. अर्थात नऊ फुटांची नळी रुग्णाच्या उपयोगाची नव्हती. १८२८ साली पॅरिसमध्ये जाँ पॉझय यांनी वाकड्या नळीत पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे पाण्याला दीड मीटरहून अधिक चढावे लागते तिथे पाऱ्याला १२० मिलिमीटर पुरतात. तरीही धमनी उघडावी लागेच. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला हवेचा रबरी पट्टा बांधून तीही अडचण दूर केली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शरीर म्हणजे नळ नव्हे. धमनी लवचीक असते, आकसते, सैलावते. रक्त ठोक्याठोक्याने वाहते. पॉझय यांचा प्रवाहाचा नियम ताठ नळीतल्या संथ प्रवाहाचा आहे, तो धमनीला जसाच्या तसा लागू होत नाही. पण म्हणून यंत्रशास्त्र निरुपयोगी ठरत नाही. धमनीचा हा लवचीकपणाच मोजणीच्या कामी आला. १९०५ साली रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप धरला. पट्टा आवळून धमनी पुरती दाबली की आवाज नाही. हवा सोडत गेले की चेपलेल्या धमनीतून रक्त झटक्याने घुसते आणि ठोका ऐकू येतो. तो वरचा आकडा. धमनी पूर्ण मोकळी झाली की आवाज थांबतो, तो खालचा. ताठ नळीत हे घडलेच नसते.

धमनी लवचीक असली तरी तिच्यातले रक्त वजन असलेला द्रवच आहे, म्हणून बीपी मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. तो दहा सेंटीमीटर खाली राहिला, तर तेवढ्या रक्तस्तंभाचे वजन मिळून आकडा सात-आठ मिलिमीटरने जास्त येतो. तेवढ्या फरकाने औषध सुरू होऊ शकते किंवा वाढू शकते.