सहा नांगर, दोन वर्षं

साल 1903. बेळगावजवळच्या एका रानात तुम्ही अनवाणी उभे आहात. बांधावर दहा-बारा शेतकरी उकिडवे बसलेत. समोर लोखंडाचा काळा नांगर आहे, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिकवण्याची नोकरी सोडून आलेला, सायकली विकणारा, कडबा कापायची यंत्रं करणारा हा माणूस आता तुमच्या मातीत हात घालू पाहतोय.

शेजारचे आजोबा तुमच्या कानाशी लागतात. "लोखंडाचं इख भिनतंय मातीत. मग पीक न्हाई येत."

हसू नका. तुमच्या घरचा नांगर गावच्या सुतारानं केलाय. मोडला की त्याच्या दारात टाकायचा. सुगीला तो खळ्यावर येऊन बलुतं घेऊन जाईल. त्याचा बापही तुमच्या आजाचे नांगर करायचा. हा लोखंडी नांगर ऐन हंगामात मोडला, तर कुणाच्या दारात जायचं? आणि पैसे रोख. विषाच्या भीतीआड हा हिशेब दडलाय असं मला वाटतं, आणि तो अडाण्याचा हिशेब नाही. लक्ष्मणरावांपुढचा खरा प्रश्न लोखंड ओतण्याचा नव्हताच. सुताराच्या ओळखीची जागा भरून काढण्याचा होता.

आता रुमणं धरा. बैल ओढ घेतात. तुमचा लाकडी नांगर माती उकरतो. हा ती उलटी करून टाकतो. तासाच्या कडेला हरळीच्या पांढऱ्या काशा उन्हात उघड्या पडतात. वर्षानुवर्षं खुरपून न हटलेली हरळी! तुम्ही वाकून ढेकूळ हातात घेता, वास घेता. तरीही नांगर घेत नाही. आज कुणीच घेत नाही.

पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. मला हे दोन वर्षांचं थांबणं त्या नांगराइतकंच मोलाचं वाटतं. शेतकरी डोळ्यांनी पाहिलेल्या तासावरही लगेच भरवसा टाकत नाही. पाऊस होऊन पीक उभं राहिलेलं त्याला पाहायचं असतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच नांगर पुन्हा जुंपलेलाही. याची घाई कुठल्याच जाहिरातीला करता येत नाही.

चला, 1910 कडे. कुंडल रोड स्टेशनवर उतरा. बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणरावांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी इथं माळ दिलाय, वर दहा हजार रुपयांचं कर्ज. माळावर निवडुंग माजलाय, पाण्याची वानवा. एवढ्या ओसाडीत कामगार बायकापोरं घेऊन राहायला आलेत. राजाचा विश्वास कागदावर मांडता येतो, रकमेसकट. यांचा कुठं मांडणार?

भट्टीजवळ थांबा. एका साच्यातून निघालेले फाळ रांगेनं निवत पडलेत, सगळे सारखे. झिजलेला काढायचा, दुसरा बसवायचा. एक शेतकरी गाडी सोडून आत आलाय. विषाचं नाव तो काढत नाही. फाळ उचलून धारेवरून अंगठा फिरवतो, आणि विचारतो, "हे सुटे मिळत्याल न्हवं? दोन द्या."