दुसरी प्रत कुठे आहे?



बी राखणाऱ्या बाईला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. सगळं बी ती एकाच मडक्यात भरत नाही. एका मडक्याला भुंगा लागला तर दुसरं पेरणीला असावं, एवढं तिला ठाऊक असतं. आता आपल्या घरात आणि गटात नवं बी आलंय. गटाचा हिशोब संगणकावर, पासबुकांचे फोटो मोबाइलमध्ये, लेकरांचे दाखले पेन ड्राइव्हवर. हे सगळं मात्र आपण बहुतेक वेळा एकाच मडक्यात ठेवतो. म्हणून आज संगणकातल्या साठवणीचा इतिहास सांगते. तो नुसत्या यंत्रांचा इतिहास नाही. काय वाचलं, काय गेलं आणि का, याचा तो इतिहास आहे.

दुसरी प्रत नसली की काय होतं, हे आपल्या खानदेशाला चांगलं माहीत आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. घरातलं आणि शेतातलं काम करता करता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ यांनी त्यातली जमतील तेवढी कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. कागदावर आलं ते आज शाळेतली पोरं म्हणतात. जे उतरलंच नाही, ते त्यांच्याबरोबर गेलं.

आता संगणकाकडे येऊ. १९५६ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. परातीपेक्षाही मोठ्या, दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या. वजन सुमारे एक टन. त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलवरचे एकदोन फोटो म्हणा ना! असलं यंत्र घरात कोण ठेवणार?

घरी वापरायचे संगणक १९७७च्या सुमारास विकायला लागले. त्यात बहुतेकांची साठवण होती साध्या कॅसेटवर. ज्या टेपरेकॉर्डरवर भजनं आणि सिनेमाची गाणी लावायची, तोच संगणकाला जोडायचा. काही मिनिटं कर्कश आवाज यायचा आणि माहिती फितीवर उतरायची. फीत अडकली, चुरगळली की काम गेलं.

मग फ्लॉपी आली. पहिली फ्लॉपी १९७१ची, आठ इंच रुंद. पुढे ती साडेतीन इंचांच्या कडक चौकोनी डबीत बसली. तिच्यात जेमतेम पंधरा लाख इंग्रजी अक्षरं मावायची. आजचा मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा तिच्यात सहसा बसत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागायची, चुंबक जवळ आला तर मजकूर पुसला जायचा.

१९८०पासून लहान संगणकात बसेल अशी हार्ड डिस्क मिळू लागली आणि हळूहळू घराघरात आली. फार सोय झाली. डब्यात फ्लॉप्या ठेवायला नकोत, शोधायला नकोत, सगळं आत. पण याच सोयीत दुसरी प्रत मागे पडली. ही हार्ड डिस्क आतून कशी असते बघा. गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा गरगर फिरते. तिच्यावर वाचणारी सुई टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगते. मधलं अंतर आपल्या केसापेक्षा कितीतरी कमी. चालू असताना धक्का बसला, सुई तबकडीला घासली, की तिथलं लिहिलेलं खरवडून जातं. शिवाय फिरणारी वस्तू कधी ना कधी झिजतेच. हार्ड डिस्क बंद पडणार का, हा प्रश्नच नसतो. कधी पडणार, एवढंच कळत नाही.

या प्रवासातल्या तीन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली इंग्लंडची. १०८६ साली तिथल्या राजाने गावोगाव नोंद करायला लावली. जमीन कुणाची, नांगर किती, पाणचक्क्या किती. म्हणजे त्यांचा सातबाराच म्हणा. चामड्यावर शाईने लिहिलेल्या त्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवं दप्तर केलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी त्याला हातभार लावला. त्यात शाळेतली मुलं फार. आपलं गाव, आपला रस्ता, आपलं जेवण, सगळं त्यांनी लिहून पाठवलं. ते सगळं मोठ्या चकचकीत लेझर तबकड्यांवर साठवलं. पण त्या वाचायला खास यंत्र लागायचं. ते महाग होतं, फारसं खपलं नाही आणि बाजारातून गेलं. पंधरा वर्षं होतात न होतात तोच चालू यंत्र मिळणं मुश्कील झालं. तबकडी हातात, पण वाचणार कशावर? चामड्यावरचं ९०० वर्षांपूर्वीचं दप्तर मात्र तेव्हाही वाचता येत होतं. पुढे जाणकारांनी मोठी खटपट करून तबकड्यांमधला मजकूर बाहेर काढला. साठवलं म्हणजे टिकलं असं नाही, उघडून वाचता आलं तरच टिकलं.

दुसरी गोष्ट १९९८ची, अमेरिकेतली. पिक्सार नावाची कंपनी ‘टॉय स्टोरी २’ हा खेळण्यांचा सिनेमा संगणकावर तयार करत होती. एके दिवशी कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत सिनेमा पुसला जाऊ लागला. यंत्र बंद करेपर्यंत बहुतेक काम गेलं होतं. बॅकअप आहे ना, म्हणून सगळे तिकडे धावले. तर तो बॅकअप बरेच दिवस नीट होतच नव्हता. कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

तेव्हा गॅलिन सुसमन या तांत्रिक प्रमुख बाईंना आठवलं की आपल्या घरी एक प्रत आहे. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. बाळाजवळ राहून काम करता यावं म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची प्रत ठेवली जात होती. मंडळी गाडी घेऊन त्यांच्या घरी गेली. संगणक पांघरुणात गुंडाळला, मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधला आणि तान्ह्या लेकराला न्यावं तसा जपून ऑफिसात आणला. त्या प्रतीवरून काम पुन्हा उभं राहिलं आणि १९९९ साली सिनेमा पडद्यावर आला. मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या कंपनीची मोठी यंत्रं कामी आली नाहीत. कामी आला तो एका बाळंतिणीच्या घरचा संगणक. कारण तो दुसऱ्या छपराखाली होता.

तिसरी गोष्ट २०१७ची. जून महिन्यात संगणकांचा एक भयंकर व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचे हजारो संगणक त्याने निकामी केले. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. कोणत्या संगणकाने कोणत्या माहितीला हात लावायचा, याची चावी सांभाळणाऱ्या मुख्य यंत्राच्या कंपनीकडे जगभर दीडशेच्या आसपास प्रती होत्या. पण त्या सगळ्या कायम एकमेकींना जोडलेल्या. म्हणून सगळ्या एकदमच गेल्या. वाचली एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तिथे वीज गेली होती! यंत्र बंद होतं, म्हणून व्हायरस पोचला नाही. आपण लोडशेडिंगला बोल लावतो, पण तिथे त्यानेच लाज राखली. शेवटी ती प्रत माणसांकरवी विमानाने इंग्लंडला नेली.

या तिन्ही गोष्टींचं सार तीन शब्दांत सांगता येतं. दुसरी जागा. सुटी प्रत. उघडून पाहणं. जाणकार लोक याला ३-२-१ म्हणतात. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

आपल्या गटाला हे अवघड नाही. एक प्रत संगणकावर. दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिचं काम झालं की ती काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. आणि ती दुसऱ्या आळीतल्या सभासद ताईंच्या घरी असावी. तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत, गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. तिथला पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे हवा. एक मात्र ध्यानात ठेवा. मोबाइलमधले फोटो आपोआप वर जातात, पण पुष्कळदा मोबाइलवर पुसले की वरूनही पुसले जातात. तो आरसा झाला, दुसरी प्रत नव्हे. पेन ड्राइव्हवरही वर्षानुवर्षं विसंबू नका. ती हरवते आणि बिघडतेही.

एवढं का करायचं? २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात घराघरात शिरलं. कपाटं, कागद, पुस्तकं, यंत्रं, सगळं एकाच पाण्यात भिजलं. सातबाऱ्याचा उतारा सरकारदरबारी पुन्हा मिळतो. बँकेचं पासबुकही नवं मिळतं. पण कोणत्या ताईने किती बचत भरली, अंतर्गत कर्जाचे किती हप्ते फेडले, कोणत्या बैठकीत काय ठराव झाला, हे आपल्या दप्तराशिवाय जगात कुठेच लिहिलेलं नसतं. ते गेलं की हिशोब तोंडी होतो. आणि तोंडी हिशोबात जिचा आवाज मोठा तिचं खरं ठरतं. मुकाट्याने हप्ते भरणारी गरीब बाई तिथे हरते. दुसरी प्रत ठेवायची ती तिच्यासाठी.

३१ मार्चला आपण वर्षाचा हिशोब बंद करतो. योगायोग असा की जगात हाच दिवस २०११पासून बॅकअप दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी ताळेबंदाचा एक छापील कागद काढून फाइलला लावा. दुसरी प्रत मागवून सगळ्यांसमोर उघडून पाहा. आणि त्याआधी, येत्या बैठकीत हजेरी झाली की एकच प्रश्न विचारा: आपल्या दप्तराची दुसरी प्रत कुठे आहे आणि कुणाकडे आहे? उत्तर येईल ते नावासकट इतिवृत्तात लिहून ठेवा.