नवं स्टेडियम, जुने चाहते : खुर्चीपासून मैदानापर्यंतच्या अंतराचा इतिहास

आजचा विषय थोडा वेगळा आहे. खेळाडू नाही, सामना नाही, तर सामना जिथे होतो ती जागा. स्टेडियम.

मार्च २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने आपल्या नव्या स्टेडियमचं संकल्पचित्र जाहीर केलं. नॉर्मन फोस्टर यांच्या कंपनीने केलेलं. एक लाख प्रेक्षकांची जागा, वर भलंमोठं छत्र आणि ते तोलून धरणारे तीन उंच खांब. त्यातला सर्वांत उंच २०० मीटरचा, चाळीस किलोमीटरवरून दिसेल असा. खर्चाचा अंदाज दोन अब्ज पौंड. चित्र बाहेर पडलं आणि त्याच दिवशी चाहत्यांनी त्याला नाव ठेवलं : सर्कशीचा तंबू!

काहींना ते आवडलंही, कारण जुनं ओल्ड ट्रॅफर्ड गळकं झालंय. २०२४ च्या मे महिन्यात पावसात छतावरून धबधबा कोसळताना साऱ्या जगाने पाहिला. पण चाहत्यांच्या संघटनेने जे प्रश्न विचारले, ते छत्राबद्दल नव्हते. तिकीट महागणार का? आवाज, वातावरण टिकणार का? क्लबच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे, त्यात भर पडणार का?

हे प्रश्न नवे नाहीत. गेली सव्वाशे वर्षं प्रत्येक नव्या स्टेडियमपाशी ते उभे राहिलेत. आणि नीट पाहिलं तर त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : अंतर. प्रेक्षक आणि मैदान यांच्यातलं अंतर. ते कधी मीटरमध्ये मोजावं लागतं, तर कधी पैशांत.

आपल्याकडून सुरुवात करू

आपलं जबलपूर हे छावणीचं गाव, आणि खेळात म्हणाल तर हॉकीचं. मेजर ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांचा जन्म इथलाच, १९०८ चा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. पुढे ते ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या चाकरीत राहिले. त्यांच्या नावाचं स्टेडियम ग्वाल्हेरला आहे. ते मुळात हॉकीचं. मग ते क्रिकेटचं झालं. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं पुरुष द्विशतक तिथेच केलं. आज ‘रूपसिंग स्टेडियम’ म्हटलं की लोकांना सचिन आठवतो. आता जरा विचार करा. हॉकीचं मैदान लांबट चौकोनी असतं, क्रिकेटचं गोलसर आणि कितीतरी मोठं. मैदानाचा आकार बदलला, की त्याच्याभोवतीची आठवणसुद्धा बदलते.

आता कोल्हापुरात चला. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्याच प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन कलोसियम पाहिलं. परत आल्यावर त्यांनी खासबाग कुस्ती मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पूर्ण झालं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. आखाडा मधे, खाली, आणि माणसं वर. त्यामुळे पुढच्याच्या फेट्याआड मागच्याची कुस्ती हरवत नाही. साधी गोष्ट वाटते, पण स्टेडियमचं सगळं शास्त्र यात आलं.

त्याच कोल्हापुरात तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं, आणि तीच फुटबॉल संघांचीही. जिथे संघ म्हणजे पेठ, तिथे स्टेडियम म्हणजे पेठेचं अंगण. शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला, की गॅलरीतला माणूस मैदानावरच्या पोराला नावानिशी हाक मारतो. अशा प्रेक्षकाला तुम्ही दहा मीटर मागे सरकवलंत, तर तुम्ही त्याचं काय काढून घेतलंत ते त्याला लगेच कळतं.

जवळ असण्याची किंमत

पण मंडळी, जवळीक ही नुसती गोड गोष्ट नाही. तिने माणसं मारली आहेत.

आर्किबाल्ड लीच नावाचा ग्लासगोचा एक स्थापत्यकार होता. मूळचा कारखान्यांच्या इमारती बांधणारा. ब्रिटनमधली कितीतरी जुनी फुटबॉल मैदानं त्याची. ग्लासगोचं आयब्रॉक्सही त्याचंच. ५ एप्रिल १९०२ ला तिथे स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी गॅलरीचा एक भाग कोसळला. २५ माणसं गेली, पाचशेहून अधिक जखमी झाली. त्यानंतर लाकडी सांगाड्यांऐवजी मातीच्या भरावावर पायऱ्या करण्याकडे कल वळला.

त्याच लीचने पुढे ओल्ड ट्रॅफर्ड बांधलं. १९ फेब्रुवारी १९१० ला तिथे पहिला सामना झाला, आणि युनायटेड लिव्हरपूलकडून ४-३ असं हरलं! गंमत म्हणजे तेव्हाचा मूळ बेतही एक लाख प्रेक्षकांचा होता. खर्च वाढला म्हणून तो सुमारे ऐंशी हजारांवर आणला. २०२५ चं स्वप्न ११५ वर्षं जुनं आहे ते असं.

याच काळात इंग्लंडमध्ये गोलपोस्टमागच्या उंच पायऱ्यांना ‘कॉप’ म्हणायची पद्धत पडली. कॉप म्हणजे टेकडी. हे नाव आलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉपवरून. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे इंग्रजांची मोठी हानी झाली. त्या लढाईतल्या जखमींना डोलीवरून वाहून नेणाऱ्यांत कोण होतं माहीत आहे? मोहनदास करमचंद गांधी आणि त्यांचं भारतीय रुग्णसेवा पथक. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर १९०६ मध्ये असा उभा चढ तयार झाला, तेव्हा त्याला हेच नाव मिळालं. तिथे लोक उभे राहून, एकमेकांना खेटून, गात सामना पाहत. खुर्ची नाही, तिकीट स्वस्त.

कोलकात्याची गोष्ट

आपल्या देशात क्लबसाठी जीव टाकणारे प्रेक्षक पाहायचे तर कोलकात्यात. २९ जुलै १९११ ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शिल्ड जिंकली. मैदानाभोवती इतकी गर्दी, की मागच्यांना काहीच दिसेना. म्हणून पतंग उडवून गोल कळवले जात होते, असं सांगतात. म्हणजे दिसणं ही तिथली पहिली अडचण होती.

मोहन बागान, ईस्ट बंगाल यांची आपापली मैदानं कोलकात्याच्या ‘मैदान’ भागात, पण ती लहान. मोठा सामना ईडन गार्डन्सवर, म्हणजे क्रिकेटच्या घरी. १६ ऑगस्ट १९८० ला तिथे या दोन संघांचा सामना चालू होता. मैदानावर धक्काबुक्की झाली आणि तिचा वणवा गॅलरीत पोहोचला. दोन्ही बाजूंचे चाहते एकत्रच बसलेले. चेंगराचेंगरीत १६ चाहते मृत्यू पावले. कोलकाता आजही हा दिवस विसरलेलं नाही.

चारच वर्षांनी, १९८४ मध्ये सॉल्ट लेकचं भव्य युवभारती क्रीडांगण सुरू झालं. तीन मजली, सव्वा लाखाच्या आसपास माणूस मावणारं. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगाल ४-१ जिंकलं. जागेचा प्रश्न सुटला. पण स्टेडियमला धावण्याचा ट्रॅक होता, आणि त्या ट्रॅकपलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरून खेळाडूचा चेहरा कुठला दिसायला! २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे खुर्च्या बसवल्या आणि क्षमता बरीच खाली आली. सुरक्षितता आली, आराम आला, पण मावणारी माणसं कमी झाली.

खुर्च्या आल्या, माणसं बदलली

इंग्लंडमध्ये हाच बदल एका भयंकर दुर्घटनेनंतर झाला. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो स्टेडियम, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. गोलपोस्टमागे लोखंडी जाळीच्या कप्प्यांत प्रमाणाबाहेर गर्दी सोडली गेली. पुढच्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. या घटनेत ९७ जणांचा बळी गेला. काही वृत्तपत्रांनी आणि पोलिसांनी चाहत्यांनाच दोषी ठरवलं. दोष चाहत्यांचा नव्हता, हे २०१६ च्या चौकशीत अधिकृतपणे मान्य व्हायला सत्तावीस वर्षं लागली.

न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर वरच्या दोन विभागांतल्या स्टेडियमांना फक्त खुर्च्या ठेवणं बंधनकारक झालं. ॲनफिल्डचा कॉप ३० एप्रिल १९९४ ला शेवटचा उभा राहिला. जीव वाचवणारा निर्णय होता, त्याबद्दल वाद नको. पण खुर्च्या आल्या म्हणून तिकीट महाग करा, असं टेलर यांनी सांगितलं नव्हतं. ते क्लबांनी केलं. ज्या कामगार वस्त्यांनी ही मैदानं गाजवली, तिथली तरुण पोरं हळूहळू बाहेर राहिली. मीटरमधलं अंतर तेच राहिलं, पैशांतलं वाढलं.

याच काळातला आर्सेनलचा प्रसंग फार बोलका आहे. १९९२ मध्ये त्यांच्या जुन्या हायबरी स्टेडियमचा नॉर्थ बँक पाडला. काम चालू असताना तिथे चाहत्यांच्या चेहऱ्यांचं मोठं चित्र उभं केलं. आणि सुरुवातीला त्यात एकही कृष्णवर्णीय चेहरा नव्हता! टीका झाल्यावर चित्र बदललं. नव्या बांधकामात आपण कुठे आहोत, हे माणूस असं शोधत असतो.

आपल्या मुंबईत क्रिकेटच्या बाबतीत थोडं असंच झालं. ब्रेबर्न स्टेडियम १९३७ चं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईच्या क्रिकेट संघटनेला तिथे किती तिकिटं मिळावीत यावरून वाद पेटला. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. कुणाला किती जागा, या भांडणातून आख्खं स्टेडियम जन्माला आलं.

चाहत्यांचं ऐकलं नाही तर, आणि ऐकलं तर

इटलीत तुरिनला १९९० च्या विश्वचषकासाठी देल्ले आल्पी स्टेडियम बांधलं. पुन्हा तोच धावण्याचा ट्रॅक. युव्हेंटससारखा क्लब, पण प्रेक्षक मैदानापासून इतके लांब की त्यांनी पाठच फिरवली. शेवटी ते पाडलं आणि २०११ मध्ये सुमारे ४१ हजारांचं नवं बांधलं. क्षमता बरीच कमी, पण पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर. मोठ्यापेक्षा लहान चांगलं ठरलं.

लंडनच्या वेस्ट हॅमने उलटं केलं. ११२ वर्षांचं आपलं मैदान सोडून २०१६ मध्ये ते ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये गेले. तिथे प्रेक्षक आणि खेळ यांच्यात मोठी पोकळी. मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध हरताना चाहते मैदानात घुसले आणि संचालकांच्या कक्षासमोर घोषणा देऊ लागले. राग पराभवाचा होताच, पण घर गेल्याचाही होता.

आणि तिसरं उदाहरण बर्लिनचं. युनियन बर्लिन या क्लबकडे २००८ मध्ये स्टेडियम दुरुस्त करायला पुरेसे पैसे नव्हते. तेव्हा दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः फावडी उचलली. सुमारे एक लाख चाळीस हजार तास श्रमदान केलं. २००९ मध्ये ते खुलं झालं. सुमारे २२ हजार जागांपैकी १८ हजारांहून अधिक उभ्याने पाहायच्या. आपल्याला कसं पाहायचंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २०१९ मध्ये हाच क्लब जर्मनीच्या वरच्या विभागात पोहोचला.

इंग्लंडलाही हे उशिरा का होईना पटलं. २०२२ पासून तिथे ठरावीक मैदानांवर, मधे मजबूत कठडे लावून, उभं राहून सामना पाहायला परवानगी मिळू लागली. म्हणजे जवळीक आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं, असं नाही. नीट बांधलं तर दोन्ही मिळतात.

मग मँचेस्टरच्या तंबूचं काय? छत्र आवडणं-न आवडणं हा चवीचा भाग आहे. आयफेल टॉवरलाही पॅरिसच्या मोठमोठ्या लेखक-कलावंतांनी नावं ठेवली होती. इमारतीच्या रूपाची सवय होते. पण आपल्या जागेवरून गोल दिसत नाही, आपला आवाज मैदानापर्यंत पोहोचत नाही, आपल्या पोराचं तिकीट परवडत नाही, याची सवय कुणालाच होत नाही. तिथे माणूस सवय करून घेत नाही, तो यायचा थांबतो.

म्हणून आपल्या शहरात, मग ते राइट टाउनचं मैदान असो, राणीताल असो किंवा उद्या होणारं एखादं नवं संकुल, नकाशा समोर आला की छताकडे नंतर पाहा. आधी तीन गोष्टी विचारा. शेवटच्या रांगेतून चेंडू दिसतो का? गर्दी उसळली तर बाहेर पडायला वाट आहे का? आणि जो माणूस आज भिंतीवर बसून फुकट सामना पाहतो, त्याला आत यायला किती पैसे पडतील? या तिन्हींची उत्तरं नकाशा काढणाऱ्याकडे असली, तर खुशाल तंबू बांधू द्या.

आज इथेच थांबू.