चिमणीचं घर, निळ्या पाखराचं घर

१८५३ च्या वसंतात न्यूयॉर्कशेजारच्या ब्रुकलिनमध्ये एका माणसाला अजब नोकरी मिळाली. ग्रीनवूडच्या विस्तीर्ण दफनभूमीत इंग्लंडहून आणलेल्या चिमण्या सोडल्या होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभा राहतो तो चिमण्या हाकलायला. इथे पगार देऊन माणूस नेमला तो त्या जगाव्यात म्हणून!

त्याआधी १८५१ साली सोडलेल्या आठ जोड्या टिकल्या नव्हत्या. म्हणून ब्रुकलिन इन्स्टिट्यूटचे निकोलस पाइक यांनी बोटीने चिमण्यांची मोठी खेप मागवली. कारण होतं झाडांवरच्या अळ्यांचं. रस्त्याकडेची झाडं अळ्या फस्त करत आणि धाग्याला लोंबकळत जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या अंगावर उतरत. चिमण्या आल्या की हा उपद्रव संपेल, अशी अपेक्षा. विल्यम कलेन ब्रायंट या नामवंत कवीने तर त्यांच्या स्वागताची कविताच लिहिली. आम्हा कवी मंडळींना पाहुण्याच्या स्वागताची घाई असते. पाहुणा किती दिवस राहणार, ते विचारायचं काम आम्ही इतरांवर सोडतो.

मग गावोगावी मागणी सुरू झाली. फिलाडेल्फियाने १८६९ मध्ये हजारेक चिमण्या आणल्या. चौकाचौकांत त्यांच्यासाठी लाकडी घरटी टांगली गेली. बॉस्टनमध्ये हिवाळ्यात येणारे खाटीक पक्षी त्यांना मारू लागले, तेव्हा त्या खाटकांना टिपायला माणसं नेमली. खायची तर ददातच नव्हती. शहरं घोड्यांवर चालत होती आणि घोड्याच्या लिदीत न पचलेलं धान्य पडे. चिमणी पिल्लांना किडे भरवते हे खरं, पण तिचं स्वतःचं पोट मुख्यतः दाण्यावर. अळ्यांचा करार तिने केलाच नव्हता.

याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत एक होता ब्लूबर्ड. कस्तुराच्या कुळातलं हे साताएक इंची पाखरू. नराची पाठ आणि पंख गडद निळे, छाती विटकरी, पोट पांढरं. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात नीलपरी म्हणून पक्षी आहे, तो निळा असला तरी याचा सोयरा नव्हे. ब्लूबर्डला ढोली लागते, पण ती कोरायला लागणारी चोच त्याला नाही. सुताराने सोडलेलं भोक, सफरचंदाच्या जुन्या झाडातली पोकळी, कुंपणाचा कुजका खांब, असं जे मिळेल त्यात तो संसार मांडतो. चिमणीलाही तेच हवं असतं. तिची चोच जाड, स्वभाव चिवट. ती अंडी फोडते, पिल्लं मारते. कधी आत बसलेल्या मादीलाच टोचून संपवते आणि वर आपलं गवत रचते. आपल्या गोष्टीतली चिऊ दार बंद करून आत बसते आणि कावळा बाहेर भिजत ताटकळतो. इथे दार ठोठावण्याचाही शिरस्ता नाही.

१८७० च्या दशकात यावरून अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांत जुंपली. बॉस्टनचे थॉमस ब्रूअर चिमणीचे वकील, तर एलियट कूज तिचे कट्टर वैरी. १८८० साली ब्रूअर वारले, तोवर हे वाग्युद्ध चाललं. त्या वेळचं लेखन वाचताना एक गोष्ट खटकते. चिमणीला लावलेली विशेषणं, म्हणजे परकी, उपरी, भांडकुदळ, लेकुरवाळी, हीच तेव्हा बोटींतून उतरणाऱ्या गरीब माणसांनाही लावली जात. पाखराच्या निमित्ताने माणसांवरचा राग काढणं ही काही एका देशाची मक्तेदारी नाही. चिमणी आपण होऊन समुद्र ओलांडून आली नव्हती, हे मात्र त्या रागात कुणी फारसं आठवत नसे. १८८९ मध्ये वॉल्टर बॅरोज यांनी शेती खात्यासाठी चारशे पानांचा अहवाल लिहिला आणि निकाल चिमणीच्या विरोधात गेला. पण तोवर पाखरं दूरवर पसरली होती. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात युरोपी साळुंक्या सोडल्या गेल्या. ढोलीला आणखी एक दावेदार आला.

ब्लूबर्ड कमी होत गेला. जुन्या फळबागा तुटल्या, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी आले, कीटकनाशकं आली. सगळा दोष चिमणीचा नव्हता. १९३४ मध्ये इलिनॉयमधल्या क्विन्सी गावच्या थॉमस मसलमन यांनी रस्त्याकडेच्या कुंपणांवर ओळीने लाकडी पेट्या लावल्या. पुढे शेती खात्यातून निवृत्त झालेले लॉरेन्स झेलेनी यांनी १९७६ मध्ये या पक्ष्यावर पुस्तक लिहिलं आणि १९७८ मध्ये उत्तर अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली. परसात पेटी लावण्याचा छंद घरोघरी पोचला.

या पेटीचं दार दीड इंच व्यासाचं. युरोपी साळुंकी त्यातून शिरत नाही, चिमणी मात्र सहज शिरते. म्हणून पेटी उघड्या माळावर, आखूड गवताजवळ लावायची. गोठा, कोठार, वस्ती यांपासून लांब, कारण चिमणीला माणसाचा शेजार हवा. दाराशी दांडी ठेवायची नाही, ब्लूबर्डला ती लागत नाही. पक्ष्यांसाठी स्वस्त दाणे टाकायचे नाहीत. काही जण ब्लूबर्डने पहिलं अंडं घातलं, की पेटीवर चमकत्या पट्ट्या टांगतात. चिमणी त्यांना बिचकते, तो बिचकत नाही.

एवढं करूनही चिमणी येतेच. घरटं काढून टाकलं की नर पुन्हा काड्या आणतो, कारण त्याचा जीव त्या जागेत गुंतलेला असतो. इथे मुंबईतली एक जुनी नोंद आठवते. सलीम अली शाळकरी वयाचे असताना, १९०६-०७ च्या सुमाराला, त्यांनी खेतवाडीतल्या घराच्या तबेल्यात चिमणीचं घरटं पाहिलं. बाहेर खिळ्यावर राखण करणारा नर त्यांनी एअरगनने टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर हजर. आठवड्याभरात असे आठ नर मेले, पण खिळा काही रिकामा राहिला नाही. हौस म्हणून सुरू झालेल्या त्या नेमबाजीत पुढच्या पक्षितज्ज्ञाची पहिली नोंद दडलेली होती. अमेरिकेतल्या पेटीवाल्यांनी ती वाचली असती तर मान डोलावली असती.

आज हिशेब आणखी गुंतागुंतीचा झालाय. ब्लूबर्ड पुन्हा वाढला. चिमणी मात्र १९६६ पासूनच्या गणनेनुसार अमेरिकेतही अर्ध्याहून कितीतरी जास्त घटली. ब्रिटनने २००२ मध्ये तिला चिंतेच्या लाल यादीत घातलं. आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस झाला आणि २०१२ मध्ये दिल्लीने तिला राज्यपक्षी केलं. आपण गॅलरीत लाकडी खोकं टांगतो ते चिमणीने यावं म्हणून; अमेरिकेत तिने येऊ नये म्हणून माणसं डोळ्यांत तेल घालून बसतात. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. पण ज्या पाखराला आपणच नेऊन सोडलं, त्याची मान मुरगळताना निदान हात थोडा थबकावा, एवढी अपेक्षा मी ठेवतो. तिथेही पुष्कळांचा हात थबकतो. ते अंडी काढतात, पण पक्षी मारत नाहीत.

विणीच्या दिवसांत तिथला पेटीवाला आठवड्यातून एकदा झाकण उघडतो. आत बारीक गवताची नीटस वाटी आणि तिच्यात चार-पाच निळी अंडी असतील, तर झाकण हलकेच लावून निघून जातो. गवत, कागदाचे कपटे, पिसं यांचा अस्ताव्यस्त ढीग आणि ठिपक्यांची अंडी दिसली, तर मात्र तो थांबून नीट पाहतो. तिथल्या १९१८ च्या कायद्याचं संरक्षण चिमणीला नाही, पण इतर देशी पाखरांना आहे. घरटं नक्की कुणाचं ते ठरेपर्यंत त्याला हात लावता येत नाही.